न फोडलेली नऊ पत्रं

पोर्टलंड,
१४ ऑक्टोबर २०१९

प्रिय ओडेल,

तू बरा असशील. अजून अलास्कातच, त्याच पत्त्यावर आहेस, असं व्हर्नामावशीकडून कळलं. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत आहे.

बातमी अशी की मला घर मिळालं. भाड्याचं नव्हे, स्वतःचं! तेही आपल्या जुन्या अल्बिना वस्तीत. वाढत्या भाड्यांमुळे ज्या काळ्या कुटुंबांना तिथून उठावं लागलं, त्यांच्यासाठी शहराने योजना काढली आहे. आपली माणसं आता तिथे मोजकीच. रूफसच्या सलूनच्या जागी कॉफीचं दुकान आलंय. तिथल्या पोरीने विचारलं, "नव्याने राहायला आलात का?" मी म्हटलं, "हो बाळा, एकसष्ट वर्षांपूर्वी."

घर हातचं जाणारच होतं. पूर्वी तिथे राहत होते याचा पुरावा हवा होता, माझं नाव आणि जुना पत्ता असलेला कागद. भाडेपावत्या, बिलं, सगळं आईच्या नावावर. ती गेल्यावरही मी बदललं नव्हतं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तुझ्या पत्रांचा बुटांचा खोका उचलला आणि तसाच कचेरीत नेला.

तिथल्या टिब्सबाई खूश झाल्या. "नाव, पत्ता, टपालाचा शिक्का. झालं की काम!" मग थबकल्या. "अहो, पण ही तर फोडलेलीच नाहीत."

"भावाची आहेत," मी म्हणाले.

"मग तर फोडायलाच हवी होती," म्हणत त्यांनी अर्जावर सही केली.

ओडेल, खोटं कशाला सांगू? आईच्या अंत्यविधीला तू आला नाहीस, तो राग धरून मी नऊच्या नऊ पत्रं तशीच ठेवली. जुनं घर सोडताना तुला नवा पत्ताही कळवला नाही. फेकून द्यायचा मात्र धीर झाला नाही. काल नव्या स्वयंपाकघरात, खुर्ची नाही म्हणून उलट्या बादलीवर बसून, पहिलं फोडलं. तू मासेमारीच्या बोटीवर होतास. आई गेल्याचं तुला अकरा दिवसांनी कळलं.

वीस वर्षं, ओडेल! काय मूर्ख बाई आहे मी. पोटभर रडले, आणि मग इतकं हलकं वाटलं की भूक लागली. आईसारखा मक्याचा पाव भाजायला घेतला, तो करपला.

आठ पत्रं बाकी आहेत. ती मी फोडणार नाही. तू येऊन वाचून दाखव. मागची खोली तुझी, किल्ली सोबत पाठवतेय.

तू लिहीत राहिलास म्हणून घर मिळालेली,
तुझी ताई
अर्डेला