पुराव्याला हात लावू नये

३ नोव्हेंबर
बॉयलर बंद पडला. एकदाचा. बरेच दिवस कण्हतच होता. गरम पाण्याचा नळ उघडला की आधी घरघर, मग गंजाच्या रंगाचं कोमट पाणी. आज तेही नाही. मागची भिंत ओली. हात लावला तर बोटाला बुळबुळीत काहीतरी लागलं. शी! वास घेऊन पाहिला. घ्यायला नको होता.
घरमालक वरच्याच मजल्यावर राहतो. घरातही कानटोपी घालून बसतो, म्हणून मनातल्या मनात मी त्याला कानटोपीच म्हणतो. वर जाऊन सांगितलं. म्हणाला, उद्याच प्लंबर पाठवतो हो. त्या ‘हो’मध्ये काय गुर्मी होती! तिथल्या तिथे ठरवलं, कोर्टात जायचं. आयुष्यात एकदा तरी तत्त्वासाठी भांडायचं.

४ नोव्हेंबर, सकाळी
प्लंबर आला. दारातूनच परत पाठवला. आज दुरुस्ती झाली तर उद्या दावा कशावर उभा करू? मालकाने आधी चूक लेखी कबूल करावी, मग प्लंबरने पाना हातात घ्यावा.
बायकोने विचारलं, मग अंघोळीचं काय? म्हटलं, बॉयलर आता पुरावा आहे, त्याला हात लावायचा नाही. आत्या (वडिलांची बहीण, ते गेल्यापासून आमच्याकडेच असते) म्हणाली, तुझ्या पुराव्याने पाठ चोळता येते का रे?
घरात कायद्याची समज शून्य.

११ नोव्हेंबर
ऑफिसातून अर्धी रजा घेऊन वकिलाला भेटलो. म्हणाला, फोटो काढून ठेवा आणि दुरुस्ती करून घ्या, विषय संपला. वकील मालकाला फुटलेला दिसतो. केस आता मीच लढवणार. कायद्याचं जाड पुस्तक आणलं. तिसऱ्या पानापर्यंत विषयावर पूर्ण पकड आली, म्हणून पुढे वाचलं नाही.

१९ नोव्हेंबर
ओल आत्याच्या खोलीत शिरली. तिच्या पलंगाशेजारी आधी हिरवट, मग काळी बुरशी. जवळून पाहिलं तर तिला लव आहे. नाक दाबलं, पण आनंदही झाला. खडूने कड आखून वर तारीख घातली. वाढ नीट दिसली पाहिजे.
बायको फडकं आणि बादली घेऊन आली. फडकं हिसकावून घेतलं. फ्रिजमध्ये मागे राहून गेलेल्या डब्याकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. बादली उचलून निघून गेली. पटलं असावं.

२७ नोव्हेंबर
बुरशी खडू ओलांडून खिडकीकडे निघाली आहे. शाब्बास.
आत्याला खोकला. डॉक्टर म्हणाले, यांना त्या खोलीत झोपवू नका. मी सर्टिफिकेट मागितलं आणि त्यात ‘भयंकर’ हा शब्द घालता येईल का विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. किळस येते अशा वृत्तीची.
घरी मोबाइलवर खोकला रेकॉर्ड करायला बसलो. बटण दाबलं की आत्या गप्प. जरा खोक ना, म्हटलं. म्हणाली, मी काय कोंबडी आहे, सांगशील तेव्हा अंडं घालायला? आणि उठून स्वयंपाकघरात अंथरूण टाकलं.

५ डिसेंबर
प्लंबरची तिसरी खेप. या वेळी कानटोपी स्वतः बरोबर. म्हणाला, अहो, घरात म्हातारं माणूस आहे, तुमचं-माझं काय ते नंतर बघू, आधी पाणी चालू होऊ द्या. माणुसकीच्या नावाखाली पुरावा नष्ट करण्याचा उघड प्रयत्न! दार लावून घेतलं. दार लावताना आत्या आणि तो एकमेकांकडे बघून मान हलवत होते, असं वाटलं. भास असेल.

१२ डिसेंबर
एक अडचण. आत्याची तब्येत सुधारते आहे. गाल गुलाबी, अंगाला साबणाचा छान वास. आमच्या साबणाचा नाही. बायकोही केस पुसत गाणं गुणगुणत होती. थंड पाण्याने माणूस इतका ताजातवाना होतो हे कोर्टाला कळलं, तर केसला धक्का बसेल.
मी स्वतः ओल्या पंच्याने अंग पुसून भागवतो. लढणाऱ्याने चोचले करू नयेत. ऑफिसात शेजारच्याने टेबल खिडकीकडे सरकवलं. उजेडासाठी असेल.

२० डिसेंबर
दाव्याला ८ जानेवारीची तारीख मिळाली, म्हणून आत्याची साक्ष तयार करून घेतली. म्हटलं, तू एवढंच सांगायचं, अंघोळीला गरम पाणी मिळत नाही. म्हणाली, या वयात खोटं नको रे बोलायला लावू. यात खोटं काय आहे, ते तासभर समजावलं. शेवटी ती छताकडे बघत ‘बरं’ म्हणाली. भाबडी आहे.

८ जानेवारी, कोर्टातून आल्यावर
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.
सुरुवात जोरदार. बुरशीसकट प्लास्टरचा तुकडा बायकोच्या जेवणाच्या डब्यात नेला होता. टेबलावर झाकण उघडलं. न्यायाधीश बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि शिपायाला खिडक्या उघडायला सांगितलं. परिणाम झाला म्हणायचा. बायको म्हणाली, तो डबा आता घरी आणू नका.
कानटोपी म्हणाला, तीनदा माणूस पाठवला, तीनदा यांनी हाकलला. मी म्हटलं, तत्त्व म्हणून. बाईंनी आत्याला विचारलं, आजी, मग तुम्ही अंघोळ कुठे करता?
आत्या म्हणाली, वर. मालकांकडे. त्यांची बायको पाणी काढून ठेवते, पाठही चोळून देते.
बायकोनेही हात वर केला. मीसुद्धा, म्हणाली.
तेवढ्यावर आत्या थांबली असती तर! पण बाईंना सांगत सुटली, पोरगा वाईट नाही हो आमचा. लहानपणी गुडघा फुटला की खपली धरू द्यायचा नाही. उचकटायचा आणि सगळ्यांना दाखवत फिरायचा. आम्ही फुंकर घालायला गेलो की पळायचा.
बाई हसल्या. कानटोपीही हसला, टोपी काढून.
दावा फेटाळला. उद्या प्लंबरला आत घ्यायचं, असा हुकूम.

९ जानेवारी
प्लंबर आला, काम करून गेला. पाणी गरम.
बायकोने आत्याची भिंत घासली. बुरशी गेली, खडूच्या रेघा गेल्या, तारखाही. एक कोपरा तरी ठेव म्हटलं, तर तिने फडकं माझ्याच हातात दिलं. काळंमिट्ट, चिकट. ते धरून बराच वेळ उभा राहिलो. मग कोपराही पुसला.
संध्याकाळी आत्या टॉवेल घेऊन वर निघाली. म्हटलं, अगं, आपल्याकडे पाणी आलंय. म्हणाली, असू दे रे, सवय झाली. जिन्यात वळून म्हणाली, तू मात्र आधी अंघोळ कर.
केली. मळ निघता निघेना.
वरून आत्याचं हसणं स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणजे छत निकृष्ट आहे. वेगळा दावा होऊ शकतो. पुराव्यासाठी नळ बंद करून, ओल्या अंगाने कान देऊन उभा राहिलो.
बराच वेळ ऐकलं. ती एकदाही खोकली नाही.