लहानूच्या दोन चकत्या

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. गेलेल्या माणसाला पत्र लिहिण्याचा हळवेपणा माझ्यात नाही, हे तुम्ही जाणता. तरी आज लिहिते आहे. उद्या मला एका म्हातारीसमोर तुमचं नाव घ्यायचं आहे. जे तिला सांगायचं, ते आधी तुम्हाला सांगणं मला रास्त वाटतं.

तुमची पत्र्याची पेटी मी उघडली. आई होती तोवर तिने पेटीला कुणाचा हात लागू दिला नाही. या उन्हाळ्यात तीही गेली, म्हणून उघडली. वर खाकी पट्टा, दोन पदकं, पलटणीतलं तुमचं पुस्तक. सगळं तुमच्या शिस्तीत. तळाशी मात्र फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी होती. तिच्यात काळा करगोटा आणि शिपाई गळ्यात घालतात तशा, सुतळीत ओवलेल्या दोन चकत्या, एक लाल आणि एक हिरवी. दोन्हींवर एकच नंबर, एकच नाव. लहानू.

तुमचं नाव नव्हतं, बाबा!

कोण हा लहानू? ब्रह्मदेशातला चिखल, जळवा, उपास, सगळं तुम्ही आम्हाला सांगितलंत. पलटणीतल्या खेचरांची नावंसुद्धा आम्हाला पाठ होती. या माणसाचं नाव मात्र एकदाही तुमच्या तोंडून आलं नाही. का?

सिंदेवाहीत राहणाऱ्या, फौजेतून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्या हवालदारांना मी चकत्या दाखवल्या. त्यांनी त्या हातात घेतल्या आणि विस्तव लागल्यासारख्या खाली ठेवल्या.

"बाई, ह्या दोनी कुठी भेटल्या तुमाले?"

"वडिलांच्या पेटीत."

"मुडद्याच्या गळ्यातली लाल काढाची असते. ते सायबाले द्याची. हिरवी त्याच्याच आंगावर ठेवाची, म्हंजे मांगून येनारे त्याले ओळखते. दोनी कोनी काढत नाई."

"आणि काढल्या तर?"

"तं तो बेवारस. सरकारले ठाऊकच नाई होत तो मेला का जित्ता हाये. बाई, हे पेटीतच ठेवा ना तुमी. काऊन उकरून राह्यल्या?"

त्यांनी पुढ्यातला चहाही संपवला नाही.

त्यानंतर कित्येक दिवस मी तुमच्या फोटोकडे पाठ करून जेवले. लपवत नाही. मला वाटलं, तुम्ही त्याला मारलंत आणि मागे खूण राहू नये म्हणून दोन्ही चकत्या काढल्यात. मुलींचं कॉलेजशिक्षण हा बिघडण्याचा रस्ता, असं गाव म्हणत होतं तेव्हा ज्या माणसाने मला नागपूरला ठेवून शिकवलं, त्याच्याबद्दल मी असा विचार केला. त्याची लाज मला वाटते. पण तुम्ही दुसरा विचार करायला जागा कुठे ठेवली होतीत?

शेवटी पुरचुंडी घेऊन गंगूआत्याकडे गेले. तुमची बहीण सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. तिने चकत्यांकडे पाहिलंच नाही. करगोटा उचलला.

"हा तं मेल्या मानसाचा हाये."

"कशावरून?"

"गाठ सोडली नाई, तोडली हाये. अवो, एवढी बुकं शिकली, हे नाई शिकली? मेल्या मानसाच्या आंगावर गाठ ठेवत नाई. कमरेचा, गळ्याचा, सारा दोरा काढा लागते. नाई तं जीव अडकते. आमच्या बापाचा तुह्या बापानंच काढला होता. दहा वर्साचा होता तवा."

एका क्षणात सगळं समजलं. परमुलखातल्या जंगलात तुमच्या गावाकडचा एक सोबती तुमच्यापुढे मेला. ना लाकडं, ना चार खांदेकरी. तुम्हाला घरी शिकवलेली एकच गोष्ट करता येण्याजोगी होती. तुम्ही त्याच्या अंगावरचे सगळे दोरे काढलेत. गळ्यातली चकत्यांची सुतळीही. त्याला मोकळं केलंत, आणि त्याच हाताने त्याचं नाव पुसलंत!

ही चूक होती. विशीतल्या पोराची चूक. ती मी केव्हाच पोटात घातली. पण चूक कळल्यावर? चकत्या साहेबाच्या टेबलावर का ठेवल्या नाहीत? शिक्षेची भीती वाटली? की आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता लढाई संपली? छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरातले देव आणि गंडेदोरे तुम्ही स्वतः नदीत सोडलेत. ही पुरचुंडी तेवढी ठेवलीत.

मी पलटणीच्या कचेरीला लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. लहानू: बेपत्ता, फरार असल्याचा संशय. आणि खाली गावाचं नाव. गोंडपिपरीवरून नदी ओलांडून आष्टीच्या पुढे, जंगलाला लागून.

गेल्या आठवड्यात मी तिकडे गेले. तो भाग आता गडचिरोली जिल्ह्यात मोडतो. पुलावर पोलिसांनी एसटी थांबवली. जंगलात बंदूकवाले लोक आल्यापासून रोजचंच आहे म्हणे. शिपायाने माझी पिशवी उघडली, चकत्या उलटसुलट पाहिल्या आणि खाली माझ्या पायांपाशी पाहिलं, जणू तिथे आणखी काही लपवलेलं असेल.

"फौजी हाये का कोनी घरात, मॅडम?"

"होते."

"असं सामान घेऊन इकडं फिरत नोका जाऊ."

नंतर गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही. शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली. दोन्ही बाजूंना सागाची झाडं, आणि त्यांच्यामागे काहीच दिसत नव्हतं.

लहानूची बायको आहे, बाबा. जनाबाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात भरून बांगड्या. लढाईनंतर तिच्या घरी पोलीस आले होते. त्यांनी धान साठवायची ढोलीसुद्धा उपसून पाहिली. तेव्हापासून गावात ती पळपुट्याची बायको. चाळीस वर्षं! लग्नकार्यात कुणी तिला हळद लावायला पुढे बोलावत नाही. तरी ती कुंकू पुसत नाही, कारण तिच्या लेखी तिचा नवरा जिवंत आहे.

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"मेला असता तं मानूस कोनं धाडला असता? दर साली धान कापला का एक मानूस ये. पानी मागे. माह्या तोंडाकडं पाहे. म्हने, बरी हाये ना बाई? आन उठून जाये. नाव सांगे ना गाव. मले ठाऊक होतं, हा त्याचाच निरोप्या हाये. तीन सालं झाले, आता तो बी येत नाई."

मी पाण्याचा गडवा खाली ठेवला. दरवर्षी कापणी झाली की 'बियाणं पाहून येतो' म्हणून तुम्ही दोन दिवस जात होतात. परत आल्यावर धड जेवत नव्हतात. कुठलं बियाणं, बाबा? तुम्हाला वाटलं असेल, आपण तिची विचारपूस करतो आहोत. तुम्ही तिची आशा जिवंत ठेवत होतात. दर साली नव्याने! तिकडे न जाता निव्वळ गप्प राहिला असतात, तर ती केव्हाच रडून मोकळी झाली असती.

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"तू त्याची पोर होय का वो? तिकडच्या बाईची? सांग ना, मी नाई चिडत."

मी नाही म्हणायला हवं होतं. चाळिशीला आलेली बाई मी, इतकी वर्षं शाळेत पोरींना खरं बोलायला शिकवलं. पण मी गप्प बसले, बाबा. अगदी तुमच्यासारखी. तिने ते होकार म्हणून घेतलं. मला भात वाढला. निघताना शेजारणीला हाक मारून सांगितलं, "पाह्य, पोर आली त्याची. पळाला म्हने! आता बापाले घेऊन येते ते."

ती आता रस्त्याकडे डोळे लावून बसली असेल. मी गप्प राहून काढलेला हा आठवा दिवस आहे.

म्हणून वचन देते. उद्या मी जाईन आणि पाणी पिण्याआधी तिला सांगेन, की तिचा नवरा पळाला नाही, मेला. कुणाच्या हातांनी त्याचं नाव हरवलं, तेही सांगेन. तुमचं नाव, गाव, सगळं. तिच्या शेजारणीसमोर सांगेन. नंतर तिच्या अंगठ्याचा अर्ज घेऊन कचेरीत बसेन आणि 'फरार' हा शब्द खोडल्याशिवाय उठणार नाही. ती तुम्हाला शिव्या देईल. मी मध्ये बोलणार नाही. सगळ्या ऐकून घेईन.

तुमचीच मुलगी,
सुमन