पालथा ग्लास

४ जानेवारी, शनिवार

सरबत! चौसष्ट वर्षांच्या बाईला — सरबत!

संध्याकाळी सातच्या ठोक्याला बाबांनी गळ्यातली किल्ली काढली, भिंतीतलं कपाट उघडलं, बाटली आणि दोन ग्लास टेबलावर मांडले. पितळी मापाने मोजून स्वतःचा पेग ओतला. यांची सगळी नोकरी दुकानदारांची वजनमापं तपासण्यात गेली, त्यामुळे घरातही अंदाजे म्हणून काही नसतं. दुसरा ग्लास दादाचा. दादा गेल्या महिन्यात मुलाकडे राहायला गेला, म्हणून तर मी माझं घर बंद करून इथे आले. तरी ग्लास मांडलाच — पालथा. मी समोर बसलेली. ग्लासकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. तर म्हणतात, "बेबी, हवं तर सरबत करून घे तुला."

करून घे! म्हणजे तेही मीच करायचं.

शाळेत राग आला की सिस्टर पन्नास ओळी लिहायला लावायची. राग तेवढाच राहिला आणि सवयही. लिहितेय.

५ जानेवारी, रविवार

दादाला फोन केला.

"अगं बेबे, सोड ना. बाबांचा नियम आहे तो."

"कुठल्या कायद्यातला?"

"मला काय माहीत? तुझ्यासमोर कपाट उघडं टाकायचं नाही, एवढं मला बजावलेलं. का ते कधी विचारलं नाही मी."

नाहीच विचारणार. याच्या पदरात सगळं आयतं पडलं! एकविसावं लागलं तेव्हा बाबांनी समोर बसवून याला पहिला पेग दिला, आणि तेव्हापासून दर शनिवारी बापलेकांची बैठक. बर्फ कोण काढून देणार? मी. दाणे कोण भाजणार? मी. मला एकविसाव्या वर्षी फाउंटन पेन मिळालं. पेन चांगलं होतं. मुद्दा तो नाही.

७ जानेवारी, मंगळवार

किल्ली आंघोळीलाही गळ्यातच! जिना चढताना माझा खांदा चालतो, रक्तदाबाच्या गोळ्या माझ्या हातून चालतात — कपाट मात्र माझ्यापासून राखायचं.

११ जानेवारी, शनिवार

आज तोंडावर मागितली. "बाबा, मलाही द्या."

"तुला चालत नाही."

"कधी घेतली आणि चालली नाही?"

झालं! यांच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. याआधी कधी घेतलीस? दोनदा, मैत्रिणींबरोबर. किती? अर्धा ग्लास. दुसऱ्या दिवशी परत घ्यावीशी वाटली? नाही. एकटी असताना? नाही. सकाळी? — सकाळी! बापाने लेकीला विचारायचे प्रश्न आहेत का हे? तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "दादाची घेतली होती का ही तोंडी परीक्षा?"

"त्याची गोष्ट वेगळी."

"का? तो मुलगा म्हणून?"

माप पुसत बसले.

हा माणूस माझ्याशी हवापाणी आणि बद्धकोष्ठ यापलीकडे बोललेला नाही. दादाबरोबर त्या अर्ध्या तासात मात्र हसायचे. दाराआडून ऐकलंय मी. मला दारूची तहान नाही. मला तो अर्धा तास हवाय. चौसष्टाव्या वर्षी तरी!

१५ जानेवारी, बुधवार

झोप झाली नाही. जुनं सगळं वर आलं.

नऊ वर्षांची होते. दादा घरी, आणि मला एका पत्र्याच्या ट्रंकेसह नन्सच्या बोर्डिंगात नेऊन सोडलं. का? "शिस्त लागेल." बेशिस्त तर दादा होता! मी घरात उपयोगाची मुलगी होते. आई तेव्हा सारखी आजारी. डोकं दुखायचं, पडून असायची. पिठाच्या डब्यामागची तपकिरी बाटली आणून तिला औषध मी द्यायचे — आधी चमच्याने, मग आजार वाढला तसं वाटीने. तिचे हात थरथरायचे, माझे नाही. "माझी बेबीच शहाणी, एक थेंब सांडत नाही," म्हणायची. तेवढ्या शाबासकीवर मी फार्मासिस्ट झाले. सरकारी दवाखान्याच्या खिडकीमागे अडतीस वर्षं. लेबल नसलेली बाटली कधी हातात धरली नाही, की पुढे सरकवली नाही. डॉक्टरसुद्धा वचकून असायचे.

मी अकरा वर्षांची असताना आई कावीळ होऊन गेली. मला बोलावलं ते सगळं उरकल्यावर. मी जवळ असते तर औषध वेळेवर गेलं असतं. हे आजवर बाबांना म्हटलेलं नाही. एक दिवस म्हणणार आहे.

१८ जानेवारी, शनिवार

आज सोक्षमोक्ष लावला. सात वाजता यांनी ग्लास मांडले — एक उताणा, एक पालथा. मी म्हटलं, "किल्ली आणि बाटली इकडे द्या. नाहीतर उद्या मी माझ्या घरी जाते. दुसरं कोण येतंय बघा तुमचा जिना चढवायला."

धमकीच दिली. लाज वाटली नाही.

बाबांनी सुतळीतून मान काढली आणि किल्ली टेबलावर ठेवली. मी दादाचा ग्लास सरळ केला आणि त्यांच्या मापाला हात न लावता नुसत्या नजरेने ओतलं. बरोबर साठ मिली! "बघा, एक थेंब नाही सांडला. आठ वर्षांची असल्यापासूनचा हात आहे हा. आईचं औषध कोण ओतायचं? मी!"

बाबांचा चेहरा एकदम उतरला. पेग तसाच सोडून, भिंतीला धरत खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

वा! इतकी वर्षं थांबून अखेर ग्लास मिळाला, तर सोबतीला समोरची रिकामी खुर्ची. मी हट्टाने संपवला. एकटीने. कडूजहर.

१९ जानेवारी, रविवार

शनिवार नाही, तरी सात वाजता हाक मारली. "बेबी, ते औषध नव्हतं."

मग थांबत थांबत एकेक. कपाटाला तेव्हा कुलूप नव्हतं. जगाची मापं तपासली, घरातली बाटली नाही. आईची कावीळ त्यातलीच. तिच्या हाताशी ती आणून कोण देतं हे कळायला त्यांना वर्ष लागलं. कळलं त्याच आठवड्यात ट्रंक आणली. कुलूप, माप, एकट्याने न पिणं — सगळे नियम तेव्हाचे. "तुला कधी कळू नये, एवढंच बघत आलो. आणि तू दिसायला हुबेहूब ती. भीती वाटायची गं."

त्या तपकिरी बाटलीला लेबल नव्हतं. आज आठवलं.

बाबांनी दोन्ही ग्लास सरळ केले, बाटली माझ्याकडे सरकवली. "ओत."

ओतलं. सांडलं.