अव्वाला मी माघारी आणलं

८ जून २००३, रविवार
आज शिबिर झालं. आमच्या शाहूपुरीतल्या व्यापारी आरोग्य मंडळाचं, 'प्राण वाचवा'. रबरी बाहुल्याच्या छातीवर दाब देऊन बंद पडलेलं हृदय चालू करायचं. बाकीच्या व्यापाऱ्यांना पोटामुळे वाकता येईना. माझा दाब बघून शिकवणारे डॉक्टर म्हणाले, छान, फक्त जरा बेतानं, बाहुला मंडळाचा आहे. मंडळाचे अध्यक्ष गणपतराव म्हणाले, धनपालशेठ, तुमचा हात म्हंजे पंपाचा हात! खोटं नाही. तीस वर्षं पंपाचे स्पेअर पार्ट विकतोय. हृदय म्हणजे शेवटी पंपच. पंपानं पाणी सोडलं की परत भरायचं आणि चालू करायचं.
शेवटी डॉक्टर काहीतरी सांगत होते, की बऱ्याच वेळा उपयोग होत नाही वगैरे. तेव्हा सर्टिफिकेट वाटप चालू झालं होतं. नीट ऐकू आलं नाही.
संकल्प : या घरात यापुढं कोणी अचानक मरणार नाही.

१० जून
पण वेळच का येऊ द्यायची? आधी प्रिव्हेन्शन. घरात आम्ही तिघं. मी, बायको त्रिशला आणि आई, म्हणजे अव्वा. मुलगी आदिती पुण्याला शिकायला, तिला सूचना फोनवर दिल्या. माझं वजन जास्त आहे, पण तो वेगळा विषय आहे. सुरुवात अव्वापासून. वय एक्याऐंशी, म्हणजे सगळ्यात जास्त रिस्क.
अव्वाला सांगितलं, आता आई म्हणून नव्हे, पेशंट म्हणून ऐकायचं. अव्वा म्हणाली, ह्या वयात तब्बेत करून मला काय लगीन करायचंय व्हय?
बीपीचं मशीन आणलं. अव्वाचं थोडं जास्त. माझं त्याहून जास्त आलं. मशीन नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागेल.

१९ जून
अव्वाचं लोणचं, पापड, गूळ बंद. ती म्हणाली, माझा बा गूळ खाऊन नव्वदीत गेला. मी म्हणालो, गूळ खाल्ला नसता तर शंभरी गाठली असती. 
रक्ताचे रिपोर्ट आमच्या डॉ. चौगुल्यांना दाखवले. वयाच्या मानानं उत्तम, म्हणाले. मी कोलेस्टेरॉलवर बोट ठेवलं. ते म्हणाले, हे कमी करून त्यांना आणखी किती वर्षं द्यायचीत? मी म्हणालो, असतील तेवढी सगळी. हसले आणि गोळी लिहून दिली. जुन्या डॉक्टरांना प्रिव्हेन्शन कळत नाही.

२ जुलै
आजपासून रंकाळ्यावर मॉर्निंग वॉक. अव्वाला रिक्षानं नेलं. ती पहिल्या बाकापर्यंत चालली आणि बसली. तिला सोबत म्हणून मीही बसलो. येताना मिसळ खाल्ली, कारण रिकाम्या पोटी चालणं धोक्याचं. बिनकांद्याची, म्हणजे आमचा जैन धर्मही राहिला.

३ जुलै
पाऊस. वॉक रद्द.

१५ जुलै
दुपारी त्रिशला तांदूळ निवडत होती. अव्वानं मला जवळ बोलावलं. म्हणाली, धनू, माझी वेळ आली की मला कुठं नेऊ नगंस. बस्तीच्या देवळातल्या पंडितास्नी बोलीव, कानात णमोकार म्हना, हात जोडा. बास.
मी तिला शांतपणे समजावलं, की ती पद्धत आता जुनी झाली. आता आधी एबीसी असतं. श्वासाची वाट, श्वास आणि रक्त. अव्वा म्हणाली, भिशी? भिशीत मी कवाच न्हाई.
त्रिशला म्हणाली, त्या काय सांगत्यात ते जरा ऐका की. ऐकलं की! ऐकूनच तर समजावलं.

३ ऑगस्ट, रविवार
घरात इमर्जन्सी ड्रिल. त्रिशलाला जमिनीवर झोपवलं आणि दाब कुठं द्यायचा ते अव्वाला दाखवलं. म्हणजे मी पडलो तर दोघींना माहीत हवं. त्रिशला म्हणाली, दूध उतू जातंय. ड्रिल अर्धवट राहिलं. अव्वा डोळे मिटून माळ ओढत बसली होती, तिनं बघितलं की नाही सांगता येत नाही.
अव्वा हल्ली अर्धीच भाकरी खाते. न सांगता. डाएट लागू पडतंय.

२६ ऑगस्ट, मंगळवार. संध्याकाळ
दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय.
अव्वा दुपारी जेवली, चूळ भरली, भिंतीला टेकून बसली आणि तशीच कलंडली. श्वास नाही. नाडी नाही. त्रिशला, अवो अव्वा, अवो अव्वा, एवढंच करत राहिली. मी गडबडलो नाही. तिला ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगितलं. मान मागं केली, तोंडानं श्वास दिला, छातीवर दाब. सगळं बरोबर. थोड्या वेळात तळहाताखाली कडाक् झालं. बरगडी मोडू शकते, थांबायचं नाही, असं शिबिरात सांगितलेलं. थांबलो नाही. परत एकदा कडाक् झालं. दवाखाना जवळच, गाडी लगेच आली. दवाखान्यात शॉक दिला. डॉक्टर म्हणाले, नाडी लागली.
नाडी लागली!
त्रिशलानं विचारलं, पंडितांना बोलवायचं काय? मी म्हणालो, कुणासाठी? अव्वा जिवंत आहे.

२८ ऑगस्ट
अव्वा आयसीयूत. श्वास यंत्रावर. बरगड्या दोन्ही बाजूंच्या मोडल्यात. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, मेंदूला काही वेळ रक्त पोचलेलं नव्हतं, बघू. मी त्याला सांगितलं, मी लगेच सुरू केलं होतं. तो म्हणाला, म्हणूनच तर त्या इथं आहेत. कौतुकानं म्हणाला. चेहऱ्यावरून कळलं नाही, पण दमलेला असेल.
'बघू' हा पॉझिटिव्ह शब्द आहे.
गणपतराव येऊन गेले. सत्कार करायचा म्हणतात.

४ सप्टेंबर
बस्तीत पर्युषण पर्व चालू आहे. अव्वा दरवर्षी या दिवसांत एक वेळच जेवते. आता नाकातल्या नळीतून दिवसातून बऱ्याच वेळा पातळ अन्न जातं. शेवटचं अंधार पडल्यावर. अव्वानं जन्मात कधी दिवस मावळल्यावर पाण्याचा घोट घेतला नाही. मी डॉक्टरांना विचारलं, ते तेवढं आधी देता येईल का? डॉक्टर म्हणाले, काका, नळीला सूर्यास्त नसतो.
त्रिशलाला सांगितलं नाही. ती काचेबाहेर उभी राहून बघतच होती.

७ सप्टेंबर, रविवार
सत्कार झाला. शाल, नारळ. गणपतराव म्हणाले, लोक आईला खांद्यावरून यात्रेला नेत्यात, ह्यो गडी आईला यमाच्या दारातनं घेऊन आला. टाळ्या. मी थोडक्यात बोललो, की मरण ही नव्वद टक्के वेळा माहितीची कमतरता असते. आकडा बोलता बोलता सुचला, पण पटण्यासारखा आहे.
मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, आता कशा हाईत त्या? मी म्हणालो, स्टेबल. परत टाळ्या.

२० सप्टेंबर
अव्वा घरी आली! यंत्र निघालं, नळी निघाली. बहुतेक झोपूनच असते. कुशीवर वळवलं की बरगड्या दुखतात, तेव्हा एक बारीक आवाज काढते. मांजरासारखा. वळवायचं, पुसायचं, कपडे बदलायचं त्रिशला बघते. माझ्याकडे सुपरव्हिजन.
एकूण प्रगती चांगली.

२७ सप्टेंबर
अव्वा बोलली! एकदम स्वच्छ. म्हणाली, मला माघारी कुनी आनलं?
मी शेजारीच होतो. म्हणालो, मी, अव्वा. तुझ्या धनूनं.
तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग आपली आपणच भिंतीकडं वळली. अशा बरगड्यांनी कुणाच्या मदतीशिवाय वळायचं म्हणजे साधी गोष्ट नाही. ताकद येतेय. लगेच गणपतरावांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, काय बोलल्या? मी म्हणालो, माझी चौकशी केली.

१२ ऑक्टोबर
एक अडचण आहे. अव्वा माझ्या हातून काही खात नाही. चमचा नेला की ओठ मिटते. त्रिशलाच्या हातून घेते, दोन चमचे, तेही दिवस मावळायच्या आत. माझी चमचा धरायची पद्धत चुकत असणार. आज दाराआडून त्रिशलाची पद्धत बघितली. तोच चमचा, तीच वाटी, तसाच धरते.
वॉकर सांगून ठेवलाय. दिवाळीत अव्वाला गॅलरीपर्यंत चालवायचं, असं ठरवलं आहे.

२५ ऑक्टोबर, दिवाळी
वॉकर आला. त्रिशला त्याच्यावर टॉवेल वाळत घालते.
आदिती आलीय. आजीजवळ सकाळभर बसली. बाहेर आली आणि म्हणाली, पप्पा, तुम्ही तिला विचारलं होतं काय? मी म्हणालो, इमर्जन्सीत विचारत बसत नाहीत, शिबिरात तसंच शिकवतात. ती म्हणाली, त्याच्या आधी?
इंजिनिअरिंगच्या पोरांना मेडिकलमधलं कळत नाही. मी फटाके आणायला बाहेर पडलो. आमच्याकडे फटाके उडवत नाहीत हे बिंदू चौकात गेल्यावर लक्षात आलं. तसाच परत आलो.

३ नोव्हेंबर
अव्वाच्या पाठीला जखमा झाल्यात. डॉ. चौगुले घरी आले. ते खोलीबाहेर आल्यावर मी विचारलं, पुढं काय करायचं? ते म्हणाले, दुखणं कमी राहील एवढं बघायचं. मी म्हणालो, वॉटर बेड? ते म्हणाले, आणा. मी म्हणालो, फिजिओथेरपी? त्यांनी बॅग बंद केली. मग म्हणाले, धनपाल, परत तसं झालं तर काय करायचं ते ठरवून ठेवा. मी म्हणालो, ते माझं केव्हाच ठरलंय. ते म्हणाले, अव्वांचं पण. मला पण सांगितलंय त्यांनी.
वॉटर बेड मागवला. उद्यापासून नवीन प्रोग्राम.

४ नोव्हेंबर
उद्यापासून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी त्रिशला अव्वाचे केस विंचरत होती. मला हाक मारली, अहो. मोठ्यानं नाही.
गेलो. मागच्यासारखंच. श्वास नाही. मी गुडघ्यावर बसलो, मान मागं केली, छातीवर जागा बघून हात टेकवले. तेवढ्यात त्रिशलानं मध्ये हात घातला. माझे तळवे तिच्या हातावर पडले. फणी अजून त्याच हातात होती. म्हणाली, न्हाई.
मी जोर केला असता तर तिचा हात निघाला असता. ती काढेल म्हणून थांबलो. तिनं काढला नाही. दुसऱ्या हातानं पदर सावरला, वाकली आणि अव्वाच्या कानात णमोकार म्हणायला लागली. मी तसाच, दाब द्यायच्या पोझिशनमध्ये. मग गुडघे दुखायला लागले तेव्हा मागं सरून बसलो.
पंडितांना बोलवायला पाहिजे होतं. ते राहिलं.

१६ नोव्हेंबर
माणसं येतायत. हातकणंगल्याहून पाव्हणे आले. त्यांतल्या एकानं सगळ्यांच्या देखत विचारलं, धनपाल, ह्या टायमाला तू घरात न्हवतास काय? मी म्हणालो, होतो.  गणपतराव म्हणाले, वेळ आली की कुणाचं काय चालत न्हाई. हेच गणपतराव सत्काराला वेगळं बोलले होते. पण त्यांनी खांद्यावर हात ठेवला होता, म्हणून तो विषय काढला नाही.
कुणीतरी पिठलं-भात आणला. चांगला होता.

२४ नोव्हेंबर
डॉ. चौगुल्यांकडे गेलो. विचारलं, दोन्ही वेळी मी तिथंच होतो. एकदा केलं, एकदा नाही केलं. बरोबर कुठल्या वेळी?
त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, बीपी बघितलं आणि मशीनकडं बघतच म्हणाले, तुम्हाला गोळी सुरू करायला लागेल. मी म्हणालो, मी ते विचारलं नाही. त्यांनी पट्टा सोडला, नीट गुंडाळून ठेवला. म्हणाले, पहिल्या वेळी हात लावला नसता तर तुम्हीच मला हाच प्रश्न विचारायला आला असता. मी म्हणालो, मग? ते म्हणाले, मग काय. मला न्हाई सांगता येत.
गोळ्या घेतल्या. घरी येताना गंगावेशीत उतरलो, काहीतरी आणायचं होतं. काय ते आठवलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
दुकान उघडलं. एका गिऱ्हाइकानं बेअरिंग मागितलं, मी ऑइल सील दिलं. तोही घेऊन गेला. दुपारी परत आला, म्हणाला, शेठ, हे न्हवं. बदलून दिलं.
संध्याकाळी त्रिशला म्हणाली, तुम्ही अजून रडला न्हाईसा.
खरं आहे. गडबडीत राहून गेलं. एवढी माणसं, विधी, दुकान. ही गोष्ट तब्येतीलाही चांगली नाही, असं आदिती फोनवर म्हणाली. सोमवारी दुकान बंद असतं. दिवसभर दुसरं काही काम नाही.
संकल्प : सोमवारी दुपारी.

१ डिसेंबर २००३, सोमवार
दुकान बंद. जेवण झाल्यावर अव्वाच्या खोलीत जाऊन बसलो. दार लावून घेतलं. वॉटर बेड परत गेलाय, नुसती कॉट आहे. तिच्यावर जरा टेकलो, म्हणजे लवकर होईल.
झोप लागली. त्रिशलानं चहाला उठवलं.