आईची गाडी

सोमवार, ४
शेजारच्या शहरातल्या विमानतळापर्यंत आईसाठी खाजगी गाडी ठरवायची, तर गाडीवाल्यांकडची बाई फोनवर असे प्रश्न विचारते जणू मी सैन्य हलवतेय! पाच आसनी की सात? सामान किती? म्हटलं, एक म्हातारी, एक बॅग. आतून आई ओरडली, "चार!"
चार? सहा महिने माझ्याकडे, सहा महिने दादाकडे – आम्हा भावंडांचं हे वाटप वडील गेल्यापासून चालू आहे. आजवर एका बॅगेत भागलं. विचारलं, तर म्हणे, "तुला उचलायच्यात का?"

मंगळवार, ५
आता घडीची खाट! "अगं, विमानात खाट?"
"गाडीत मावते का तेवढं विचार."
मी थक्क. दादाला फोन केला. तो म्हणाला, "वय झालंय तिचं, मनावर घेऊ नकोस." दर सहा महिन्यांनी हा शहाणा होतो.

बुधवार, ६
टपावर कॅरियर असलेली सात आसनी ठरवली. दुकानात चष्मे विकते मी, पण या घरात दिसत मलाच काही नाही.

शुक्रवार, ८
आई गेली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही!
दुपारी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवतेय, तोच ड्रायव्हरचा फोन. "ताई, आजी उतरल्या. विमानतळाच्या अलीकडेच. सामान वर पोचवलं."
"वर? कुठे वर?"
त्याने पत्ता सांगितला. तो वहिनीचा पत्ता! म्हणजे, जी वहिनी होती ती. दादाने घटस्फोट घेतल्यापासून आमच्या घरात तिचं नाव काढायची चोरी. नियम दादाचा, पाळला सगळ्यांनी. मीही – जिभेला हाड नसलेली मी!
दादाला फोन करून सांगितलं, तर किंचाळला, "तूच पाठवलंस तिला!" विमान तिच्याविना उडालं.
आई फोनवर शांत. "त्याला सांग, गळा काढू नकोस. मी जिथे हवी होते तिथे आलेय."
आणि आम्हाला नको होतीस होय गं? असं ओरडले. तिने फोन ठेवला. माझ्या तोंडावर!

शनिवार, ९
रागाने काम सुचेना. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. सूड उगवतेय म्हातारी आमच्यावर, दुसरं काय!

रविवार, १०
सकाळी वहिनीचा फोन. इतक्या वर्षांनी, आणि अजून 'वन्सं'च म्हणाली.
"वन्सं, आईंना इतक्यात परत बोलवू नका. मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. छातीत गाठ आहे. हॉस्पिटलात विचारलं, सोबत कोण राहणार? मी सांगितलंय – सासू."