साकवाची कमान आणि आमच्या नम्र सूचना

॥ श्री ॥
कापडे, ता. पोलादपूर

जिने ब्रह्मांड एकदाच रचले आणि नंतर कोणाच्याही सूचना मागवल्या नाहीत, त्या आदिमायेच्या कृपेने हे पत्र निर्विघ्न पार पडो.

भावोजी सहदेवराव यांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपले गुडघे व मुंबईची हवा, दोन्ही सुसह्य असतील. इकडील क्षेम; साकव वगळता.

आपल्या मुंबई मंडळाने वरच्या वाडीच्या ओढ्यावर लोखंडी साकव बांधण्याचे मनावर घेतले, हे पुण्यकर्मच. जुना पुरात गेल्यापासून शिमग्याची पालखी अलीकडूनच परत फिरते आणि पलीकडे आवडीकाकू ओटीचे ताट घेऊन उंबऱ्यात बसून राहतात. भेटल्या की एकच : "देवी माज्या दारात येनार हाय का नाय, तेवडं सांगा. माजे पाय आता खाली उतरत नाय."

साकवाची आकृती आमची नात सेजल हिने संगणकावर काढली (ती बिरवाडीस खोली घेऊन कारखान्यात हेच काम करते). तो भार पेलेल की नाही, हे तिचा सहकारी, महाडचा हमजा, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तपासतो. ही दोन सॉफ्टवेअरे म्हणजे अबोला धरलेल्या जावा. मी नम्रपणे सुचवले की भोई दोन्ही बाजूंनी मावतील इतकी रुंदी असावी. सेजलने ती क्षणात वाढवली. परंतु हमजाकडे तोच साकव अनोळखी पाहुण्यासारखा पोहोचला. पाया कुठला, भार कुठे, सारे त्याला पहिल्यापासून सांगावे लागले. मग मी कठड्यावर कमळे सुचवली. पुन्हा तेच. त्या गडबडीत देवीचा सगळा भार कठड्यावर पडला आणि पडद्यावरचा साकव ओल्या पापडासारखा दुमडला. दोष अर्थातच माझ्या कमळांचा.

अखेर दोघांनी चालायचा पाटा, कठडा, पाया अशी प्रत्येक भागास नावे दिली, भार त्या नावांशी बांधला आणि दोन्ही जावांचे बोलणे सुरू करून दिले. आता सेजलने माप बदलले की हमजाकडे आकृती आपोआप बदलते आणि भार आपापल्या जागी जाऊन बसतो. रूप नश्वर, नाम तारक, हे मी जन्मभर कीर्तनांत सांगितले. हमजास ते कारखान्यात उमगले, याचा मला मत्सर नाही (किंचित आहे).

एवढी सोय झाल्यावर गप्प बसणे हा विद्येचा अपमान ठरला असता, म्हणून मी प्रवेशाशी कमान सुचवली. हमजाने विचारले, "आजोबा, पालखी नुसती जाते का नाचते?" मी म्हटले, "अरे, देवी काय रिक्षाने जाते?" त्याने नाचाचेही हादरे हिशेबात घातले. साकव टिकला. तेव्हा आमच्या सुसंस्कृत नातीने सांगितले, "आजोबा, उद्या हे वेल्डरकडे जातंय. आता एक जरी बदल सांगितलात, तर पालखी तुम्हीच डोक्यावर घेऊन ओढ्यातून न्या."

असो. ऐनवेळी बदल सुचवणाऱ्यांना आपण मंडळातर्फे आवर घालावा, ही विनंती.

आपला,
विष्णुपंत

ता.क. कमानीची उंची मी स्वतः खाली उभा राहून, हात वर करून सांगितली होती. नाचताना पालखी दोन्ही हातांवर उचलतात, हे तेव्हा ध्यानातून निसटले. देवीचा कळस कमानीस अडेल आणि आवडीकाकूंचे ताट पुन्हा भरलेलेच राहील. तरी आपण सेजलला तातडीने फोन करून कमान हातभर उंच करण्यास सांगावे. सूचना मंडळाची म्हणावी. माझे नाव मध्ये आणू नये.

ता.क. दुसरा. पाकिटावर पत्ता घालण्यापुरते हे पत्र सेजलकडे दिले होते. फोन करू नये. कमान तिने कालच उंच केली आहे, म्हणते, "लहानपणापासून पालखी बघतेय, आजोबा. तुम्ही कधी सांगता तेवढीच वाट पाहत होते." आवडीकाकूंना ताट घासून ठेवण्यास कळवले आहे. हे पत्र वाचणाऱ्या सर्वांचे, आणि न विचारता वाचणाऱ्यांचेही, देवी कल्याण करो.