आईच्या उतारावरचं जिनसेंग

टॉलिव्हर काउंटी, केंटकी
रविवार, २१ सप्टेंबर १९८६

चि. होबर्ट,

आशीर्वाद. तू, लोरीन आणि मुलं मजेत असाल असं धरून चालते, कारण तुझ्याकडून कळायची सोय नाही. इथं सगळं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवून व्हरांड्यात वाळायला टांगल्या आहेत. आज पाद्रीबुवांनी प्रवचन इतकं लांबवलं की मागच्या बाकावर दोघं घोरत होते, त्यांत एक त्यांचेच मेहुणे.

आता मुख्य बातमी. आईच्या उतारावरचं जिनसेंग कुणीतरी खणून नेलं; सोन्याच्या भावाची मुळं!

गुरुवारी वर गेले होते. फळं लाल झाली असतील, बघून यावं म्हटलं. बघते तर बीचच्या झाडापासून ओढ्यापर्यंत माती उकरलेली. आईनं तीस वर्षं राखलेली जागा! कुणाला दिसू नये म्हणून ती पानांचे शेंडे खुडून ठेवायची, तुला आठवतच असेल. मी तिथंच बसून रडले. मग रडणं थांबवलं आणि कोण असेल त्याचा विचार करायला लागले. ते मला चांगलं जमतं.

तू हसशील. म्हणशील, ताईला सगळ्या जगाचा संशय. पण या काउंटीत संशय घ्यायला वेगळं शिकावं लागत नाही. आजोबांच्या अंगणात टोपी काढून गोड बोलणारा माणूस आला आणि जमिनीखालचं सगळं कागदावर घेऊन गेला. त्याच्यामागून लाकूडवाले आले. मग कोळसेवाले आले, त्यांनी रेल्वे आणली आणि कोळसा संपल्यावर रूळसुद्धा उपटून नेले. कोर्ट दफ्तरासकट दोनदा जळलं, दोन्ही वेळा निवडणुकीच्या वर्षी, आणि कुणाच्या जमिनीची हद्द कुठं हे तेव्हापासून फक्त देवाला आणि वकिलांना माहीत. इथं जो आला तो खणायलाच आला. लावायला कुणी आलं नाही.

तर मी एकेकाला चाळून काढलं. डोंगरापलीकडचे लोक? त्यांना आपली वाट माहीत नाही. खाण बंद पडल्यावर रिकामी फिरणारी पोरं? ती बारा वाजेपर्यंत उठत नाहीत. पेट्रोलपंपावरची इमोजिन म्हणाली, "मंगळवारी उजाडता उजाडता चर्चपाशी एक पांढरी गाडी उभी होती गं. ओहायोच्या नंबरची पाटी." मी म्हटलं, "ओहायोच्या पाटीला कोण विचारतंय? आपली निम्मी काउंटी तिकडंच कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी आईच्या हातचं खायला सगळे येतात." "मंगळवारी?" ती म्हणाली. मी विषय बदलला.

उरला एल्झी कॉम्ब्स. ओढ्याच्या वर एकटा राहतो, मुळं खणून पोट भरतो आणि मागं सरकारी जंगलात खणताना एकदा सापडलेला. शुक्रवारी मी शेरीफकडे जाऊन त्याचं नाव दिलं. वाटेत दुकानातही बोलले, चारचौघांत. बोलायला नको होतं.

त्याच दुपारी दुकानातल्या खरेदीदारानं एल्झीची मुळांची पिशवी परत केली. चोरीचा माल नको म्हणाला. हंगाम ऐन भरात आहे, होबर्ट. यावर त्याचा अख्खा हिवाळा निघतो. आणि पुन्हा खटला झाला तर या खेपेला तुरुंग आहे.

शनिवारी सकाळी तो आला. व्हरांड्यात चढला नाही, खालीच उभा राहिला. मी म्हटलं, "बोला, एल्झी."

"काय बोलू? तू बोललीस तेवढं पुरे झालं की सगळ्या खोऱ्याला."

"मग खणलं कुणी?"

"मला काय ठाऊक! माझी पोरगी तापानं फणफणली होती तेव्हा तुझी आई गुडघाभर बर्फातून काढा घेऊन आली होती. तिच्या जागेत मी कुदळ घालीन? वेल्मा, तोंड उघडायच्या आधी वर जाऊन नीट बघितलंस तरी का?"

"बघितलं."

"रडत बघितलं असशील. आता डोळे पुसून बघ." आणि गेला. कॉफी विचारायचंही मला सुचलं नाही.

त्याला खोटं पाडायला म्हणूनच पुन्हा वर गेले. या वेळी खाली वाकून पानं बाजूला केली.

प्रत्येक खड्ड्याच्या वर, चढाच्या बाजूला, वीतभर अंतरावर फळं पुरलेली होती. तीन तीन. वर ओली पानं आणि पानांवर शेवाळाचा तुकडा, वारा लागू नये म्हणून. सगळे लोक काढल्या जागीच बी टाकतात. वर लावायची ती आपली आई, आणि तिनं शिकवलं ते फक्त आपल्या दोघांना, पावसानं बी खाली घसरतं आणि बरोबर आपल्या जागेवर येतं म्हणून. कोवळ्या झाडांपैकी एकालाही हात लागलेला नव्हता. बीचच्या बुंध्याजवळचं सगळ्यांत म्हातारं जिनसेंग, जे आई कधीच खणू देत नव्हती, तेही तसंच उभं होतं.

तिथून थेट घरी आले आणि शेडमध्ये गेले. तिथं काय दिसलं ते शेवटी लिहिते.

लोरीननं मे महिन्यात लिहिलं होतं की तुला कारखान्यातून थोडी सुट्टी मिळालीये. जूनमध्येही सुट्टी, जुलैमध्येही सुट्टी. एवढी सुट्टी कुठला कारखाना देतो? मी, सगळ्यांवर संशय घेणारी, तेवढ्या एका गोष्टीचा संशय घेतला नाही. घ्यायचा नव्हता म्हणून घेतला नाही.

तो उतार आईनं आपल्या दोघांना दिलाय. तू मागितलं असतंस तर मी टोमणे मारले असते, हे खरं आहे. "ओहायोत डॉलर झाडाला लागतात ना?" असं नक्की म्हटलं असतं. पण नंतर तुझ्याबरोबर वर आले असते आणि खणू लागले असते. आपल्याच बहिणीच्या दारावरून अंधारात गेलास, होबर्ट, आणि कॉफीला हाक मारली नाहीस. मुळांपेक्षा मला त्याचं जास्त लागलं.

उद्या सकाळी शेरीफकडे जाते. सांगणार आहे की मीच भावाला खणायला सांगितलं होतं आणि म्हातारपणी विसरले. तो हसेल, दुपारपर्यंत सगळी काउंटी हसेल. हसू दे. मग दुकानात जाऊन, चारचौघांत, तेच सांगेन. मग एल्झीच्या दारात जाईन. तिथं काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

पण ते निम्मंच झालं. त्याचं नाव मी घेतलं, पण तू गप्प बसलास म्हणून ते घेता आलं. येत्या शनिवारी ये. दिवसाउजेडी ये, गाडी चर्चपाशी नको, अंगणात लाव. घेवडा आणि मक्याचा पाव करून ठेवते. जेवून दोघं मिळून एल्झीकडे जाऊ.

मुलांना पापे. लोरीनला म्हणावं, मी तिच्यावर रागावलेली नाही.

तुझ्या हाताची खूण ओळखणारी,
तुझी ताई
वेल्मा

ता. क. येताना आईची कुदळी घेऊन ये. शेडमधला ती टांगायचा खिळा रिकामा आहे. शेरीफनं विचारलं होतं, आणखी काही गेलंय का, आणि मी न बघताच नाही म्हणाले होते. उद्याही नाहीच म्हणणार आहे.